मातीच्या गणपतीला रंग न लावण्याबद्दल

मु. पाली, जिल्हा रत्नागिरी
श्रावण वद्य दशमी

तीर्थस्वरूप आप्पा यांच्या चरणी धाकटा चुलतभाऊ महिपत याचा साष्टांग दंडवत. तुमच्या गुडघ्याची कळ कमी झाली असेल, वहिनींचा खोकला हटला असेल आणि चाळीतल्या नळाला पाणी येत असेल अशी आशा करतो. इकडे यमुनाकाकी, म्हणजे तुमच्या मातोश्री, ठणठणीत आहेत; इतक्या, की त्या मला बोलू लागल्या म्हणजे नदीपलीकडची माणसे काम थांबवून ऐकतात. म्हैस व्याली, रेडा झाला. भात पोटरीला आले आहे. मीही खुशाल आहे, फक्त घरात माझ्याशी कोणी बोलत नाही, आणि शाळेतली पोरे बोलतात ती मी फळ्याकडे तोंड केल्यावर.

तुमचे कार्ड पावले. (आप्पा, पाकीट घालत जा. कार्ड माझ्या हाती येण्यापूर्वी पोस्टमनने ते बाजारात दोन ठिकाणी वाचून दाखवले होते, आणि तिसऱ्या ठिकाणी लोकांना ते पाठच होते.) "महिपत, वेडेपणा पुरे झाला. गणपती मुकाट्याने रंगवून घे. आईला त्रास देऊ नकोस." तुम्ही घरातले थोरले, तुमचा शब्द मी कधी मोडला नाही. आज मोडतो आहे. आमचा गणपती यंदा मातीच्याच अंगाने बसेल. त्याला गुलाबी रंग लागणार नाही, पिवळा लागणार नाही, सोनेरी तर मुळीच लागणार नाही. काकींचे तक्रारीचे पत्र तुम्हाला गेले ते माझ्याच अक्षरात होते हे तुम्ही ओळखलेच असेल. काकींना लिहिता येत नाही आणि घरात लिहिणारा मी एकटा, तेव्हा माझ्याविरुद्धची तक्रार त्यांनी मलाच सांगितली आणि मी ती इमानाने लिहून घेतली. "डोकं फिरलंय" याच्यापुढे मी पूर्णविरामसुद्धा नीट दिला आहे.

पण या सगळ्याचे मूळ कोण? तुम्ही. माघात मी दाढ काढायला मुंबईस आलो होतो. दाढ निघाली, गाल सुजला, आणि रविवारी तुम्ही मला म्हणालात, चल, घरात कण्हत बसण्यापेक्षा चित्रांचे प्रदर्शन बघू. मला काय ठाऊक? माझ्या मते चित्र म्हणजे खाली नाव लिहिलेले असते ते. पहिल्याच चित्रात एक पगडीवाले गृहस्थ बसले होते, म्हणून मी रीतीप्रमाणे विचारले, हे कोण, कुठले, यांचे आमच्याकडे कोणी आहे का? तुम्ही म्हणालात, कोण ते विचारू नकोस, कसे रंगवलेत ते बघ. पुढच्या चित्रात परातीत आंबे होते. आता आंब्याबद्दल रत्नागिरीच्या माणसाने गप्प बसावे म्हणजे काय! मी सांगितले की हा हापूस नव्हे, रायवळ आहे, आणि देठासकट उतरवलेला नसून झाडाखाली पडलेला उचलला आहे. शेजारी कुरळ्या केसांचा एक तरुण उभा होता, तो लाल झाला. चित्र त्याचेच होते हे तुम्ही मला बाहेर पडल्यावर सांगितलेत, तोवर मी त्याला पुढच्या वर्षी आमच्या बागेतला आंबा पाठवण्याचे वचन देऊन चुकलो होतो.

मग तुम्ही मला एका लहानशा चित्रासमोर बाकावर बसवलेत. त्या चित्रात काहीही नव्हते. एक पडकी भिंत, तिच्यावर ऊन, खाली थोडी सावली. माणूस नाही, देव नाही, गायही नाही. पाय दुखेपर्यंत एकाच चित्रापुढे बस, असे सांगून तुम्ही निघून गेलात. माझे पाय आधीच दुखत होते (नव्या कोल्हापुरी वहाणा), त्यामुळे उठण्याची घाई मला नव्हती. पहिल्याने मी भिंतीचे दगड मोजले. मग गाल चेपला. मग डुलकी लागणार इतक्यात माझ्या लक्षात आले की ती सावली काळी नाही. आप्पा, ती जांभळी होती! कडेला निळी, आत जांभळी, आणि भिंतीशी जिथे टेकत होती तिथे चक्क तांबूस. जन्मभर मी सावल्या बघत आलो, मुलांना सावलीवरून वेळ ओळखायला शिकवले, आणि सावलीला रंग असतो हे मला कोणी सांगितले नाही. तुम्ही परत आलात तेव्हा मी तुम्हाला ते ओरडून सांगितले आणि दारावरच्या शिपायाने आपल्याला बाहेर काढले. त्या दिवशी तुम्ही रस्त्यात हसत होतात. तुम्हाला तसे हसताना मी फार वर्षांत पाहिले नव्हते. आणि आता तुम्हीच लिहिता, वेडेपणा पुरे!

गावी आल्यावर मी अभ्यास सोडला नाही. गोठ्याची सावली जांभळी आहे असे घरात सांगितले, तर आमच्या मंडळींनी पित्त चढले म्हणून मला तीन दिवस आमसुलाचे सार पाजले. डोळे अर्धे मिटून बघावे म्हणजे बारीकसारीक जाते आणि उजेड-अंधार तेवढा उरतो, ही तुमची शिकवण मी बाजारात वापरली. सुक्या बोंबलांच्या ढिगावर ऊन काय सुरेख पडले होते! मी अर्धे डोळे मिटून बराच वेळ उभा राहिलो. ढिगामागे सोनूबाई बसली होती हे मला दिसलेच नाही (बारीकसारीक गेले होते). संध्याकाळी तिचा दीर शाळेत आला आणि मास्तरांच्या डोळ्यांना काय झाले आहे याची चौकशी मोठ्या आवाजात करून गेला. मी त्यालाही उजेड-अंधार समजावून सांगितला. त्याने ऐकून घेतले, पण त्याची काठी मात्र शेवटपर्यंत हातातच होती.

एवढी तयारी झाल्यावर मी शिवा मेस्त्रीच्या गणपतीच्या कारखान्यात गेलो. आपला पाट नेहमीप्रमाणे नागपंचमीलाच त्याच्याकडे दिला होता. मूर्ती कुठवर आली ते बघायला म्हणून गेलो. दुपारची वेळ, शिवा जेवायला गेलेला. कौलांतल्या काचेतून उजेड खाली येत होता आणि आपल्या पाटावर आपला गणपती बसला होता, नुसत्या मातीचा, सुकत आलेला. आप्पा, मी त्याच्यापुढे बसलो. पोटावरून उजेड खाली उतरत होता आणि मांडीपाशी थांबत होता. सोंडेच्या वळणावर शिवाच्या अंगठ्याचा ठसा तसाच राहिला होता. करडा म्हणावा तर करडा नव्हे, निळा म्हणावा तर निळा नव्हे. पन्नाशी उलटलेला मास्तर मी, पण मला रडू आले हे लपवत नाही. इतकी वर्षे मी याची पूजा केली आणि याला कधी पाहिलेच नव्हते. मग शेजारी नजर गेली. तिथे रंगवून झालेले गणपती ओळीने बसले होते, अंगाच्या साबणाच्या वडीसारखे गुलाबी, चकचकीत. उजेड त्यांच्यावरून घसरून थेट जमिनीवर पडत होता. म्हणजे आठ दिवसांत आपल्याचेही हेच होणार!

शिवा जेवून आला तसे मी सांगितले, आमच्या गणपतीला रंग लावू नकोस. त्याने पानाची पिंक टाकली, माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाला, "मास्तर, ह्यो देव हाय, मडकं न्हाय. माज्या हातचा देव असा उगडा जायाचा न्हाय." मी म्हटले, तुझे खरे काम मातीत आहे, रंग तर कोणीही फासतो. झाले! यंदा त्याने मुंबईहून नव्या रंगाचे डबे आणले आहेत, त्यांची झाकणे उघडून तो येईल-जाईल त्याला वास देतो. तो इतका दुखावला की म्हणाला, "रंग न्हाय तर डोळं पन न्हाय. आंदळा देव घिऊन जावा." डोळे शेवटी आखतात आणि डोळ्यांवाचून देव होत नाही, हे मलाही मान्य आहे. डोळ्यांपुरते काळे-पांढरे चालेल असे मी स्वच्छ सांगितले. पण तो हटून बसला, आणि आपला गणपती तिथे तसाच बसला आहे, न बघता.

मग घरी जे झाले ते तुम्ही काकींच्या पत्रात वाचलेच आहे. लोक म्हणतील घरात सुतक आहे. लोक म्हणतील मास्तराने गणपतीचाही शाळेतला फळा केला. काकींनी जाहीर केले की मातीच्या गोळ्याला उकडीचे मोदक मिळणार नाहीत. आमच्या मंडळींचे म्हणणे एवढेच, की काय ते अमावास्येपर्यंत ठरवा, नारळ किती फोडायचे ते कळले पाहिजे. माझ्या धाकट्या मुलाने, रामाने, तोड काढली की रंग होता पण वाटेत पावसाने गेला असे सांगू. मी म्हटले, मी काय चोरी केली आहे? शेवटी भटजींकडे गेलो. पूजेत आपण त्याला पार्थिव गणपती म्हणता, पार्थिव म्हणजे मातीचा, मग शास्त्रात गुलाबी रंग कुठे सांगितला आहे ते दाखवा. भटजींनी पोथी उघडली, बराच वेळ पाने उलटली आणि म्हणाले, शास्त्राची हरकत नाही, पण तुमच्या काकींची असेल तर मी मध्ये पडत नाही, मला या गावात राहायचे आहे.

मलाही राहायचे आहे. पण मी माघार घेणार नाही. अख्खा गाव कारखान्यात येऊन आपला गणपती बघून जातो आणि नाके मुरडतो, मुरडोत. आरतीला कोणी आले नाही तर मी एकटा म्हणेन, टाळही मीच वाजवीन. तुम्ही मला बघायला शिकवलेत, आता बघू नकोस म्हणालात तर ते होणार नाही. डोळे शिवा आखत नसेल तर मी आखीन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

तुमचा आज्ञाधारक (एवढी एक गोष्ट सोडून)
महिपत

ता. क. डोळे मी आखीन असे वर लिहिले आहे. सराव म्हणून काल करवंट्यांवर आखून पाहिले. सगळे डोळे आमच्या शाळा तपासायला येणाऱ्या डिपुटीसारखे झाले. तरी धीर करून आज कुंचला घेऊन गणपतीपुढे बसलो. दुपारभर बसलो. हात पुढे गेला नाही. दुसऱ्याच्या रेघेला नावे ठेवणे मला आता छान जमते, पण स्वतःची एक रेघ काढता येत नाही. हे कोणाला सांगू नका.

ता. क. दुसरा. मी तिथे बसलो असतानाच काकी काठी टेकीत कारखान्यात आल्या. मला वाटले आता सर्वांसमक्ष उद्धार होणार. पण त्या काठी बाजूला ठेवून गणपतीपुढे बसल्या. मग म्हणाल्या, "त्या साली डोळं माज्या आप्पान आखल्यान हुतं. त्या साली देवान माज्याकडं बगितलान. मागनं कदी बगितलान न्हाय." मी तेव्हा लहान होतो. मला त्या सालचे इतकेच आठवते, की काकांनी तुम्हाला शिवाच्या बापाच्या कारखान्यातून दंडाला धरून बाहेर काढले आणि मुंबईच्या बोटीत बसवले, गोदीतल्या कारकुनीसाठी. तुम्ही कुंचला धरत होतात हे मला तुम्ही कधी सांगितले नाहीत. त्या प्रदर्शनातही नाही. शिवा म्हणतो, आप्पा आखणार असेल तर आपली ना नाही, रंग असो की नसो. दर वर्षी तुम्ही लिहिता की रजा मिळत नाही. यंदाही लिहाल. पण मूर्तीला डोळे नाहीत, आप्पा. बोटीचे या दिवसांत काही खरे नाही. कोल्हापुरापर्यंत गाडीने या, तिथून मोटार आंबा घाटाने थेट पालीला येते.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवतो आहे तोच काकी ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. आप्पाला काय लिवलंस, म्हणून विचारले. मी सांगितले, गणपतीला रंग लावणार नाही, काहीही झाले तरी लावणार नाही, असे ठणकावून लिहिले. त्या म्हणाल्या, "मेल्या, त्या रंगाचं कोन इचारतंय? त्ये समदं खोड. आई वाट बगते, येवडंच लिव." खोडायला बसलो तर सगळेच पत्र खोडावे लागेल, म्हणून तसेच पाठवतो. रंगाचे तुम्ही म्हणाल तसे करू. या.