थडग्यावरचा सर्व्हर

सोमवार, ४ मार्च. सकाळी ९ वाजून १० मिनिटे.
डायलिसिस केंद्राच्या ओसरीवर नारळपाणी पीत हे लिहीत आहे. शाळा अर्धवट सुटली, तरी नोकरी लागली! सर्व्हरसाठी कार्यप्रणाली निवडायची आणि तिच्यावर रुग्णांच्या नोंदी चढवायच्या. सर्व्हरवरून पाळी आल्याशिवाय रक्त धुणारे यंत्र सुरूच होत नाही. आईलाही आता डायलिसिससाठी बोटीने राजधानीला, आपियाला जावे लागणार नाही. मी विकतची प्रणाली निवडली. महाग आहे, पण अडले तर विचारायला माणूस असतो.

खोली गळते, म्हणून सर्व्हरचे कपाट शेजारच्या अंगणात लोइमाता आजींच्या थडग्यावर ठेवले. इथे थडगी घरापुढेच बांधतात; चौथरा उंच आहे, वर पत्रा आहे. दुपारी सगळे तिथेच पत्ते कुटतात. आजींचे कुटुंब ऑकलंडला गेले, घराला कुलूप आहे. मोठ्या नर्स तोएफुआताबाई म्हणाल्या, ठेव रे बाबा, म्हातारीला तेवढीच सोबत.

बुधवार, ६ मार्च.
सर्व्हरवर माझ्याखेरीज आणखी एक खाते उघडे दिसले. नाव लोइमाता. मी ते उघडलेले नाही. तोएफुआताबाई हसल्या. म्हणाल्या, पहिल्याच आठवड्यात भुते दिसायला लागली, लग्न कर आता. खाते काढून टाकले. जेवून आलो तर परत होते.

शुक्रवार, ८ मार्च.
दोष प्रणालीचाच असणार. डिस्क कोरी पुसून फुकटची लिनक्स बसवली. पासवर्ड फक्त मला ठाऊक. पहिल्यांदा सुरू केली, तर लोइमाता आधीच आत होती.
आईची सोमवारची पाळी पुसली गेली आहे.

सोमवार, ११ मार्च.
आईचे नाव घालतो, ते जाते. पुन्हा घालतो, पुन्हा जाते. यंत्र तिला घेत नाही. आपियाला आठवडाभर जागा नाही. तिचे पाय सुजलेत. मला विचारते, कुणाला दुखावलेस का रे?
तोएफुआताबाईंना विचारले, आजींच्या घरच्यांना कळवले होते ना? त्या म्हणाल्या, अरे, मला वाटले तूच विचारलेस.

मंगळवार, १२ मार्च.
कपाट थडग्यावरून हलवले. नव्या डिस्कवर तिसरी प्रणाली बसवली. तरी ती आत—
आईची नोंद परत आली. पाळी नाही. पत्ता बदललेला. लोइमाताच्या शेजारी.
आईला धाप लागली आहे. मी काय—

बुधवार, १३ मार्च. उजाडताना.
माफी मागायच्या आमच्या रीतीप्रमाणे मामांची चटई डोक्यावर घेऊन आजींच्या दारात बसलो आहे. घरच्यांनी चटई उचलली की माफी मिळाली. मामा म्हणाले, वेड्या, रिकाम्या घरातून उचलणार कोण?
कुलूप पडल्याचा आवाज—
पावले. माझ्यापुढे थांबली. चटई उचलत नाही.
आजी, सगळे मांडतो. खर्च: परवान्याचे नऊशे ताला, डिस्कचे एकशे चाळीस. देणे: मामांना चटईचे तीनशे. तुम्हाला, आईच्या बदली, मी—