प्रेक्षकांकडे पाठ नको

आई, रविवारी दुपारी तू सिंगापुरातल्या, टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये आलीस. जेवणं झाली होती. टेबलावर ताकाची भांडी तशीच होती आणि त्यांच्यात लॅपटॉप उघडा. पुण्याची एक मुलगी इथल्या विद्यापीठात जुन्या मूकपटांचा अभ्यास करते, ती रविवारी आमच्याकडे वरणभाताला येते. ती म्हणाली, "आजी, गंमत बघा. अख्ख्या चित्रपटाचा एवढाच तुकडा उरलाय, आणि ही बाई कोण ते कुणालाच माहीत नाही." पडद्यावर ऊन सांडल्यासारखा पांढरा उजेड होता. विहिरीच्या काठावर एक तरुण बाई, कमरेवर घागर. मागून राजपुत्र हाक मारतो. ती वळत नाही. तोंड आपल्याकडेच ठेवून मान तेवढी डाव्या खांद्यावर कलती करते, जणू मागच्या माणसाला कानानं बघतेय. "इथे चुकली बिचारी," मुलगी हसली. "नाटकातून आलेली असणार. कॅमेऱ्याकडेसुद्धा पाठ करायला तयार नाही."

चेहरा मला आधी ओळखू आला नाही. इतकी लहान तुला मी कुठं पाहिलंय? माझ्या नातीएवढी होतीस. पण ती मान मला ठाऊक होती.

आपल्या स्वयंपाकघरात तू चुलीसमोर कधी सरळ बसली नाहीस. तिरकी बसायचीस, अर्धी चुलीकडे, अर्धी जेवणाऱ्यांकडे. मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया अशा बसतात. मग शाळेच्या संमेलनात मी दासी झाले आणि पंखा हलवताना लोकांकडे पाठ करून उभी राहिले. घरी आल्यावर तू चूल पेटवलीस. भाकरी थापता थापता एकदम म्हणालीस, "समोर माणसं बसलीत, आणि तू त्यांना वेणी दाखवतेस?" मी रडायला लागले. तू हातचं पीठ झटकलंस आणि सगळं सांगितलंस. तुझ्या मावशीबरोबर नाटक कंपनीत गेलीस, आधी सखी, मग नायिका. गावोगावचे तंबू, रॉकेलच्या बत्त्या, शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज. मग मूकपट. छत नसलेल्या खोलीत, आरशांनी तोंडावर ऊन पाडून घ्यायचं. शब्द ऐकू जाणार नसले तरी तू ते खणखणीत म्हणायचीस, कारण त्याशिवाय डोळ्यांत काही उतरत नाही. पुढं बोलपट आले, तेव्हा ध्वनिमुद्रण करणारा कानावर हात ठेवून ओरडला, "बाई, यंत्र फोडाल!" हे सांगताना तू हसत होतीस. तुला हळू बोलता आलं नाही, म्हणून सगळं संपलं. मग लग्न. सासरच्यांनी घरात घेतलं ते एका अटीवर, मागचं नाव पुन्हा काढायचं नाही. तीच शपथ तू मला घातलीस.

मी ती पाळली. माझ्याशिवाय एका ह्यांनाच माहीत होतं, कारण माझ्या लग्नाआधी तू स्वतःच त्यांना सांगितलं होतंस. तुझ्याबद्दल बोलायला आम्ही दोघं ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर जायचो. समुद्रात जहाजं दिवसभर उभी असतात, आपल्याच स्वप्नात असल्यासारखी, आणि बाकावर आजूबाजूला मराठी कळणारं कुणी नसतं. "आज सासूबाई राणी आहेत की दासी?" हे विचारायचे. मग मी तू सांगितलेला एखादा प्रसंग सांगायची, रोज थोडा वेगळा. आता मी त्याच बाकावर बसते, पुस्तक घेऊन. माझी शाळा लहानपणीच सुटली, पण वाचायची सवय लावून घेतली. वाचता वाचता डोळा लागतो आणि तू पाण्यावरून चालत येतेस, कमरेवर घागर, तोंड माझ्याकडे. हे गेल्यापासून तू कोण होतीस हे माहीत असलेली मी एकटीच उरलेय. मी गप्प राहिले, तर माझ्याबरोबर तूही जाणार. बोलले, तर शपथ मोडणार.

रविवारी मी गप्पच राहणार होते. पण सोफ्यावरून उठून माझी नात लॅपटॉपपाशी आली आणि इथल्या मुलांच्या बोलीत ओरडली, "आजी, दॅट्स यू लाह! तू पोळ्या करताना सेम अशीच उभी असतेस." मुलगी हसायची थांबली. तिनं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आजी?" ती इतक्या हळू म्हणाली की तुझ्या कंपनीत तिला कुणी उभंही केलं नसतं.

तिचं म्हणणं असं, की त्या तुकड्याखाली 'अज्ञात अभिनेत्री' लिहिलंय, तिथं तुझं नाव येऊ शकतं. तुझं खरं नाव, तंबूबाहेरच्या पाटीवर असायचं ते. तुझ्या सासरचं आता कुणी उरलं नाही, ज्यांना लाज वाटायची ते सगळे गेले. तरी म्हटलं, तुला विचारावं. म्हणून लिहायला बसले. खिडकीतून खाली बस दिसतेय, शाळेतून मुलं येतायत, आणि हा कागद कुठं टाकायचा ते मला माहीत नाही. पुस्तकात ठेवीन.

पण आई, विचारतेय हे काही खरं नाही. मी नाव सांगून टाकलंय, त्याच दुपारी. आणि सांगताना, आयुष्यात संमेलनानंतर पहिल्यांदाच, मी ओट्याकडे तोंड करून उभी होते, त्या दोघींकडे पाठ करून.