बाराबंदीतली चटणी

सोलापूर

प्रिय अपेक्षा,

पत्र बघून दचकू नकोस. चटणी ठीक आहे, मीही ठीक आहे. फोनवरच लिहिलं असतं, पण हल्ली आईचा फोनही नंदीश उघडून बघतो, म्हणून शेजारच्या केराबाईंकडून पाकीट मागवलं. मुद्द्याचं आधीच सांगते, नाहीतर पानभर इकडचं तिकडचं लिहीत बसेन. नंदीशचं दुसरं लग्न ठरतंय. मुलगी जेऊरची, संस्कृती नाव, शाळेत शिकवते. येत्या सोमवारी साखरपुडा आहे. आणि तिचा होकार आला तो आपल्या कुत्रीच्या फोटोवरून. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

कंबर तलावाजवळून तू हे तांबडं पिल्लू ओढणीत गुंडाळून आणलंस, तेव्हा मी किती बडबडले होते. रंग बघून चटणी नावही मीच ठेवलं, वैतागून. तू सांगोल्याला माहेरी गेलीस आणि तिथं शेळ्यांच्या मागं लागेल म्हणून हिला माझ्याजवळ ठेवलंस. सणासुदीला एक फोटो पाठवत जा, एवढंच मागितलंस. तीन वर्षं झाली, एक सण चुकवला नाही मी. दिवाळीला पणत्यांच्या मागं बसवलं, पाडव्याला गाठीची माळ घातली, ती तिनं फोटोआधीच खाल्ली. बेंदराला बैलासारखी पुठ्ठ्याची शिंगं रंगवून बांधली. एका हातात फोन, दुसऱ्या हातात कडक भाकरीचा तुकडा, असं माझं फोटोग्राफीचं दुकान. बेंदराच्या फोटोत एक शिंग वाकडं बघून तू हसलीस ना? घाईत बांधलं, असं मी कळवलं होतं. ते खोटं होतं. नंदीशची गाडी दारात वाजली आणि चटणी शिंगांसकट कॉटखाली घुसली. त्याचा आवाज आला की ती अजून तशीच घुसते, तू असतानासारखीच.

यंदा संक्रांतीला मी तिला बाराबंदी शिवली. तुझ्या सासऱ्यांनी तीस वर्षं जत्रेत नंदीध्वज पेलला, त्यांच्या जुन्या पांढऱ्या बाराबंदीतलंच कापड काढलं. केराबाई म्हणाल्या, देवाच्या कामाचं कापड कुत्र्याला घालतेस? सिद्धरामेश्वराला हात जोडले आणि कात्री चालवली. बंद बांधले, कपाळाला भस्म लावलं, अशी गोंडस दिसत होती की विचारू नकोस. तेवढ्यात नंदीश आला आणि मला पण फोटोत घे म्हणाला. मुलीकडं घरात दोन कुत्री आहेत, तिला आवडेल म्हणाला. चटणी कॉटखाली पळाली, यानं ओढून काढली. एक हात तिच्या गळ्यात, लाडानं. दुसरा पाठीमागं, बाराबंदीचे बंद मुठीत आवळलेले, हलायला जागाच नाही. फोटोत ती मूठ दिसत नाही. माझ्या हातून इतका चांगला फोटो कधी आला नव्हता.

तो त्यानं मुलीला पाठवला. बघायच्या कार्यक्रमात तिची आई कौतुकानं म्हणाली, "मुक्या जनावराला एवढा जीव लावणारा माणूस बायकोला जपणारच की." सगळे हसले. मी चहाचे कप गोळा करत होते. मान हलवली मी, अपेक्षा. होकार दिल्यासारखी हलवली.

ती मूठ मी आधी बघितली होती. तुझ्या मनगटावरचे वळ बांगड्यांचे आहेत असं तू म्हणालीस आणि मी मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. तू असतानाच्या त्या दिवाळीत तुमच्या खोलीतून मारल्याचा आवाज आला तेव्हा मी भाकरी थापत होते. हात थांबवले नाहीत. चटणीचे हे सगळे फोटो मी तुझ्या हौसेखातर काढत नव्हते गं, माफी मागायला तोंड नव्हतं म्हणून काढत होते. आणि माझ्याच हातचा फोटो आता दुसऱ्या पोरीला या घरात ओढून आणतोय.

काल केराबाईंच्या फोनवरून मी संस्कृतीच्या आईला फोन लावला. सगळं सांगायचं ठरवून लावला, पण पोटच्या पोराबद्दल जीभ वळेना. एवढंच म्हणाले, पहिल्या सुनेला विचारा, ती सांगेल ते खरं. आणि तुझा नंबर दिला, तुला न विचारता. रागावलीस तरी चालेल. सोमवारनंतर इथं काय होईल ठाऊक नाही, म्हणून चटणीला आजच केराबाईंकडं बांधून आले. घटस्फोटाच्या वेळी मी तुझे पाय धरले होते, घराची अब्रू राख म्हणून, आणि तू कोर्टात 'पटत नाही' एवढंच सांगितलंस. तेव्हा तुझ्याकडून घेतलेला तो शब्द मी तुला परत देते. त्यांचा फोन येईल. मनगटाचं सांग, दिवाळीचं सांग, आणि अव्वा स्वयंपाकघरात होती, तिला सगळं ऐकू येत होतं, हेही सांग.

तुझीच,
अव्वा