माळढोकाचा डोळा

प्रिय कुसुम,

आज सकाळी तो पुन्हा बोलला!

एका बारशाचे फोटो काढायला मी कर्जतकडे निघालो होतो. तुझ्या माहेरच्या माळापाशी एसटीचं चाक पंक्चर झालं. ड्रायव्हर जॅक लावत बसला आणि मी पाय मोकळे करायला उतरलो. श्रावणातली ढगाळ हवा, गुडघाभर गवत, आणि लांबून तो आवाज. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा. आधी छातीत जाणवला, मग कानाला कळला. गाडीतल्या कुणी मान वळवली नाही. मी मात्र सवयीनं म्हणून गेलो, "कुसुम, ऐकलंस का?"

मागे वळलो तर कंडक्टर उभा!

तू गेल्यापासून तुझ्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोललो. आजचं मात्र मनात मावेना, म्हणून नगरला परतल्यावर स्टुडिओचं दार ओढून घेतलं आणि लिहायला बसलो.

तुला आठवतं, लग्नानंतर तू पहिल्यांदा स्टुडिओत आलीस तेव्हा पडद्यावर रंगवलेला मोर बघून काय म्हणालीस? "सगळ्यांना मोरच हवा. माळढोक का नाही हो काढत कुणी?" मी नगरात जन्मलेला माणूस. माळढोक म्हणजे कोंबडीची एखादी मोठी जात असेल, असं मला वाटलं होतं. किती हसलीस! "अहो, कमरेइतका उंच असतो. पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. पाटलासारखा चालतो. आणि माणूस दिसला की उठलाच." लहानपणी शेळ्यांमागे हिंडताना तू त्याला लांबून बघायचीस. जवळून बघायचा राहिला, ही तुझी एकच तक्रार होती.

मी मोठ्या ऐटीत स्टुडिओतली मोठी लेन्स घेतली आणि तुला माळावर नेलं. नवरा-नवरीचे चेहरे काढायची ती लेन्स! प्रिंट धुवून आली, तू ती उजेडात धरलीस आणि विचारलंस, "हा माळढोक आहे, की तुमच्या भिंगावरचा डाग?"

तिथून ते वेड लागलं. वेड तुझं, आणि कॅमेरा माझा. नंतर कॅमेराही तुझाच झाला म्हण ना!

मुंबईच्या त्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात मला तीनशे मिलिमीटरची जाडजूड लेन्स आवडली होती. पुढचं भिंग केवढं, उजेड किती घेते! दुकानदारही तिचीच भलामण करत होता. तू तिच्या शेजारची चारशेची उचललीस. लांबलचक, सडपातळ, दिसायला अगदी पाण्याच्या नळासारखी. मी म्हणालो, "अगं, ही अंधुक आहे. उजेड कमी असला की आपले हाल होतील." तू दोन्ही लेन्स आळीपाळीनं कॅमेऱ्यावर चढवल्यास, दुकानाच्या पायरीवर उभी राहिलीस आणि समोरच्या इमारतीवर बसलेल्या घारीकडे रोखून बघत राहिलीस. येणारे-जाणारे थांबून नऊवारीतल्या त्या बाईकडे बघत होते. मलाच अवघडल्यासारखं झालं. मग तू आत येऊन म्हणालीस, "ती जाड उचलून मी माळावर चालू शकणार नाही. आणि आपलं पाखरू जवळ येऊ देणारं नाही. उजेडाची वाट बघता येईल. त्याची कुठवर बघणार?"

दुकानदार हसला आणि चारशेची पुसायला लागला.

पहिली दोन रिळं मात्र पार वाया गेली. पहिल्यात सगळंच हललेलं. एवढ्या लांबच्या लेन्समधून हाताचा बारीकसा कंपही केवढा मोठा होतो, हे मलाही तेव्हाच कळलं. शटर पाचशेवर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेवायचं, किंवा लेन्स कशावर तरी टेकवायची. तू जुन्या खणाची पिशवी शिवून तीत सीना नदीची वाळू भरलीस. दुसऱ्या रिळात पाखरू पाण्याखाली बुडाल्यासारखं दिसत होतं. मी लेन्सलाच दोष देत होतो. मग ध्यानात आलं, ऑक्टोबरच्या उन्हात माळच तापून थरथरतो आणि लेन्स ती थरथरसुद्धा जवळ आणते. म्हणजे सकाळीच जायला हवं होतं. तू रुसून म्हणालीस, "हे आधी नाही का सांगायचं?" अगं, मला तरी कुठं ठाऊक होतं!

आणि मग तो दुष्काळ आला. माळावर गवताची काडी राहिली नाही. गावातल्या बायाबापड्या खडी फोडायला गेल्या, तुझ्या आबांनी एक बैलजोडी छावणीत नेऊन बांधली. तू माहेरी जाऊन आलीस की मी विचारायचो, दिसला का? तू मान हलवायचीस. एकदा म्हणालीस, "गेला असेल मरून. माणसांना पाणी नाही, पाखराला कोण देणार?" त्यानंतर लेन्स कपाटातून तू बाहेर काढली नाहीस. मीही काढली नाही.

पण पुढच्या वर्षी पाऊस झाला, आणि श्रावणात आबा स्वतः नगरला आले. पायरीवरूनच ओरडले, "कुसे, पाखरू आलंय! एकलाच हाय, पन लई मोठा नर हाय!"

त्या सकाळबद्दल तुझ्याशी पुरेसं बोलणं झालंच नाही. तू पुढं बघत होतीस, मी मागून तुला बघत होतो. म्हणून माझ्या बाजूनं सांगतो.

आबा म्हणाले, चालत गेलो तर तो उडेल, बैलगाडीला मात्र तो भीत नाही. रोजच्या बघण्यातली असते ना! आपण गाडीत आडवे पडलो. तो लांबवर उभा होता, ओल्या गवतात मान वर काढून. आणि आभाळ गच्च भरलेलं. पाचशेला उजेड पुरेना. शटर कमी ठेवावं तर चालती गाडी सारखी हिंदकळत होती. मी कुजबुजलो, "आज काही होत नाही. उद्या येऊ."

"उद्या तो कुठं असेल, कुणी सांगावं?" असं म्हणून तू वाळूची पिशवी काखेत मारलीस, कॅमेरा छातीशी धरलास आणि आबांना सांगितलंस, "आबा, गाडी थांबवू नका. अशीच चालू द्या."

"आन् तू गं?"

तू चालत्या गाडीच्या पलीकडच्या अंगानं सरकून उतरलीस आणि गवतात आडवी झालीस! श्रावणातला माळ, विंचूकाटा, साप! आबा मागं न बघता बैलांना चुचकारत राहिले. हळूच म्हणाले, "पाव्हणं, हलू नगा. त्यो गाडीकडं बघतोय."

खरंच तो गाडीकडे बघत होता, आणि गाडी तुझ्यापासून लांब चालली होती.

मग त्यानं मान आखडली. गळा फुगायला लागला, फुगतच गेला. पांढरीशुभ्र पिशवी छातीवरून खाली लोंबत थेट गवताला टेकली. शेपूट पाठीवर पंख्यासारखं उलटलं, पंख सैल सुटले. पाखराचा आकारच राहिला नाही गं! काळ्या ढगांखाली एक पांढरा लोट नुसता उभा होता. आणि तो हुंकार! बैलांनी कान टवकारले. आबांनी कासरा सोडून हात जोडले. मी आजवर हजारो चेहरे काढले, देवळं काढली, मिरवणुका काढल्या; असं काही कधी बघितलं नव्हतं.

आणि तो तुझ्याकडे चालायला लागला.

एकेक पाऊल टाकत, थांबत, फुगत, हुंकारत. एवढ्या लांबून तुझी पाठ मला जेमतेम दिसत होती. ती जराही हलत नव्हती. मला वाटलं, घाबरलीस. तू नंतर सांगितलंस, "तो दोन हुंकारांच्या मधे थांबायचा ना, तेव्हा मी श्वास सोडून बटण दाबत होते. मग तो इतका जवळ आला, की चौकटीत मावेना. म्हटलं, राहू दे. नुसता डोळा घेते."

तो गेल्यावर आम्ही गाडी वळवून आलो, तेव्हा तू चिखलानं माखलेली होतीस, दात वाजत होते, आणि हसत होतीस की रडत होतीस हे तुलाही सांगता आलं नसतं. म्हणालीस, "अहो, त्याच्या डोळ्यात सगळं आभाळ होतं."

दुसऱ्या दुपारी डार्करूममध्ये तू माझ्या शेजारी उभी होतीस. रसायनात कोरा कागद, त्यावर आधी एक काळा ठिपका, मग त्याच्याभोवतीचं कडं, पापणी, कानामागचं एकेक बारीक पीस. कागद जास्त काळवंडेल हे मी विसरलो. तूच म्हणालीस, "काढा आता!"

ती प्रिंट आबांनी दोन्ही हातांत धरली. खूप वेळ बघून म्हणाले, "ह्याला पापनी हाय की गं! जल्मभर ह्येला लांबनं बघितलं. ह्यो आपल्याला जवळनं बघत हुता व्हय!" गावातल्या बायका ती बघायला आल्या. एकीनं तिला कुंकू लावायला बोट पुढं केलं, तेव्हा तू केवढ्यानं ओरडलीस!

माघात काविळीनं तुला नेलं. एवढी घाई कसली होती गं? दुसऱ्या श्रावणाची तरी वाट बघायचीस! उजेडाची वाट बघता येईल, असं मला सांगणारी तूच ना? आणि एक हळहळ आहे. आपल्याकडे कॅमेरा एकच. तो तुझ्या हातात होता, म्हणून तू माळावर पडलेली असतानाचा फोटो कुणाकडेच नाही. तो नुसता माझ्या डोळ्यांत आहे, आणि तो काही मला कागदावर उतरवता येत नाही.

आज एसटी सुरू झाली, कंडक्टरनं हाक मारली, आणि मी चढलो. बारसं होतं, लोक वाट बघत होते. तू असतीस तर एसटी सोडून दिली असतीस, हे मला माहीत आहे.

म्हणून शब्द देतो. येत्या रविवारी आबांना गाडी जुंपायला सांगतो. या वेळी मी गाडीत बसून राहणार नाही. चालत्या गाडीतून उतरेन, ओल्या गवतात पोटावर पडेन आणि तो येईपर्यंत श्वास धरून थांबेन. माझे हात थरथरतील, फोटो बहुतेक हलेलच. हलू दे. मला एकदा तरी तिथून बघायचंय, जिथून तू बघितलंस.

तुझाच,
मनोहर