सात किलोंची मर्यादा

गुरुवार, संध्याकाळ. भाईंदर पश्चिम.

१. महिनाभर शोधून दोन किलोची केबिन बॅग घेतली. भरल्यावर वजन सहा किलो आठशे.
२. मी आंघोळीला गेले असताना आईने न विचारता बॅगेत बंगळुरूच्या दादासाठी सुके बोंबील कोंबले.
३. विमानतळावर काट्याने आठ किलो दाखवले. "मॅडम, काहीतरी काढा." सगळ्यांसमोर बॅग उघडली, वास पसरला. बंगळुरूच्या इंटरव्ह्यूत दाखवायचा, मी बनवलेला छोटा पंप तिथेच सोडला.

बोंबील का नाही काढले? दादाचे होते म्हणून?

आज घरी परतल्यावर आई म्हणते, "एवढ्याशा पुडीचं काय गं वजन?"

एक किलो दोनशे.

आई, तू ही वहीसुद्धा उघडतेस, मला माहीत आहे. म्हणून इथेच विचारते: यापुढे माझ्या वस्तूंना विचारून हात लावशील का? रविवारपर्यंत उत्तर दे.