बाबांना कापून काढलेला फोटो

कारापूर
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

कोमल हिस,

नमस्कार. तुझ्या आई-पप्पांनाही माझा नमस्कार सांग, त्यांच्यावर माझा राग नाही. तू सुटीला वास्कोला पोचलीस हे स्टेटसवरून कळलं. मीही काल घरी आले. मी बरी आहे, आई बरी आहे, बाबाही बरे आहेत. होय, माझे बाबा जिवंत आहेत. हे सध्या गावभर सांगत फिरावं लागतंय, म्हणून तुलाही सांगते.

फोन केला असता तर तोंडातून भलतंच निघालं असतं, म्हणून लिहितेय.

गुरुवारच्या पेपरात पणजीच्या प्रदर्शनाची बातमी आली आणि त्यात माझी आई! दसऱ्याच्या सुटीत तू आमच्याकडे राहिलीस, तेव्हा मागच्या पडवीत तू काढलेला तिचा फोटो. कपाळ मोकळं, गळा मोकळा, नजर कुठेतरी लांब. खाली तू दिलेलं नाव, 'खाणीमागे उरलेली'. वाचणाऱ्याने काय समजायचं गं? काल सांखळीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या पल्लवीमावशीने मला धरून विचारलं, "गो, तुज्या बापायक कितें जालें?" बाबा तेव्हा पलीकडच्या दुकानात उंडे पाव घेत होते!

तो फोटो मी तुझ्या लॅपटॉपवर अख्खा पाहिलाय. बाबा आईपासून हातभर अंतरावर चहाचा कप घेऊन बसलेत. खाण बंद पडली, खनिज वाहणारा त्यांचा ट्रक गेला, पण माणूस आहे ना जागेवर? तू त्यांना कापलंस. कडेला त्यांचं कोपर तेवढं राहिलंय, तेही काळोखात. आई नुकतीच न्हाऊन आली होती आणि मंगळसूत्र गाठवायला सोनाराकडे दिलं होतं. एका शब्दाने विचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं.

आणि तूच ना ती? आपल्या फोटोग्राफीच्या वर्गात सरांनी जगप्रसिद्ध पोर्ट्रेट्स दाखवून 'तुम्हाला स्वतःला काय वाटलं ते लिहा' म्हटलं, तेव्हा तू हिरव्या डोळ्यांच्या त्या निर्वासित मुलीवर लिहिलंस. जगाने तिचे डोळे पाहिले, पण तिचं नाव सतरा वर्षं कोणाला ठाऊक नव्हतं. ते तू वर्गात वाचून दाखवलंस. टाळ्या आधी मीच वाजवल्या, मूर्ख मी. मी त्या ब्रिटिश पंतप्रधानावर लिहिलं होतं. लोकांना त्याच्या चेहऱ्यावर युद्धाचा निर्धार दिसतो. मला दिसतो तोंडातला चिरूट फोटोवाल्याने काढून घेतला म्हणून खवळलेला म्हातारा. आज तर मी पूर्ण त्याच्या बाजूची आहे. आणि मंदीच्या काळातली ती अमेरिकन आई, गालाला हात लावून बसलेली, दोन्ही खांद्यांवर मुलं टेकलेली, तिच्यावर आपण दोघींनीही लिहिलं. पुढे ती म्हणाली होती, माझा हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. ते वाक्य तू लाल पेनाने अधोरेखित केलं होतंस. लाज नाही वाटली, कोमल?

मध्ये उठून चहा पिऊन आले. आता खरं लिहिते.

मंगळसूत्र सोनाराकडे नव्हतं. वर्ष होऊन गेलं, आईने ते काढून कपाटात ठेवलंय. बाबा तिच्याशी बोलत नाहीत. मारझोड नाही, दारू नाही, नुसतं बोलत नाहीत. "तनया, तिका सांग, च्या जाय म्हूण." चहा हवा असला तरी निरोप माझ्याकडे, आणि ती समोरच उभी असते. शाळेत होते तेव्हापासून मी इकडचं तिकडे सांगतेय, त्याचं मला काही वाटेनासंच झालं होतं. मी पणजीला गेल्यावर या घरात दिवसभर काय ऐकू येत असेल, याचा विचारही मी केला नाही. तू दोन दिवस राहिलीस आणि तुला दिसलं. मी जन्मभर राहिले. खरा संताप मला याचाच येतोय. मी कॅमेरा काढला की आई पदर सावरते आणि हसते. तुझ्याकडे पाहिलं तसं तिने माझ्याकडे एकदाही पाहिलेलं नाही.

काल ती अमेरिकन आई पुन्हा काढून बघितली. या वेळी मुलांकडे पाहिलं. दोघांनी तोंडं फिरवलेली आहेत. माझ्या निबंधात त्यांच्यावर एक ओळही नव्हती.

आज सकाळी बाबांनी गुरुवारचा तो पेपर आईच्या पुढ्यात आपटला आणि थेट तिलाच विचारलं, "हो फोटो कोणें काडलो?" थेट तिलाच! याआधी कधी असं झालं होतं ते मला आठवतही नाही. आईने भाजी चिरायची थांबवली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तनया, तांकां सांग, म्हजे खुशेन काडला म्हूण."

मी काही सांगितलं नाही. त्यांना ऐकू गेलंच होतं. ते उठून बाहेर गेले.

मी आईला म्हटलं, कोमलला फोटो उतरवायला लावते. हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. तर म्हणते, "कित्याक? रावूं दी. आनी तिका सांग, म्हाकाय एक जाय. ल्हान न्हय, व्हड."

तर सांगितलं. फोटो उतरवू नकोस. मोठी प्रत पाठव, पाकिटावर तिचंच नाव घाल, सत्यवती. 'खाणीमागे उरलेली' मात्र आजच्या आज काढ. खाण जोरात चालायची तेव्हाही ते बोलत नव्हतेच.

माझा राग गेलेला नाही, एवढ्यात जाणारही नाही. पण या घरातल्या कोणाचाही निरोप मी आता पोचवणार नाही. हा शेवटचा.

तनया