मागे चालणारी सुमन

लिंबायत, सुरत
१२ डिसेंबर १९९६, संध्याकाळ

चपलांचा फटक-फटक आवाज. माझी लेक सुमन शाळेत जाताना मापापेक्षा मोठ्या चपला ओढत माझ्या मागून यायची, मी शिकवलेल्या कविता म्हणत. आज इतक्या वर्षांनी तो आवाज का आठवावा?

पिंकीच्या टीव्ही गेममुळे असेल. राजा, राक्षस, जादूची तलवार. नातीनं मलाही नादी लावलंय. खेळात एक सोबतीण मिळते, तिला नाव आपण द्यायचं. पिंकी म्हणाली, "आबा, नाव बोला ने, जल्दी." तोंडातून निघून गेलं, सुमन. लेकीनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं तेव्हापासून या घरात ते नाव घ्यायचं नाही, हा हुकूम माझाच.

"सुमन कोण?" पिंकीनं विचारलं. आपल्याला आत्या आहे हेच पोरीला माहीत नाही.

"कवितेतली," म्हणालो.

मग ती सोबतीण माझ्या मागे चालू लागली, पावलावर पाऊल टाकत. वेशीवर पहारेकऱ्यानं विचारलं, हिला आत घ्यायचं? हो की नाही? माझा अंगठा 'नाही'वर पडला. चुकून? कोण जाणे. मी आत आलो. ती वेशीबाहेर, जागच्या जागी पावलं टाकत राहिली. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही.

एवढं लिहिलं आणि दार वाजलं. अनोळखी माणूस होता.

"मी सुमनचा नवरा. ती गल्लीच्या तोंडाशी रिक्षात बसलीय. म्हणते, आबा हो म्हणाले तरच उतरेन."